कडूबाचा कान

वडनेरच्या भगवानराव पाटलांची मोटार बैलांनी ओढत माझ्या शेडपर्यंत आणली, तेव्हा मी मनातून खूश झालो. कुणाची गाडी मोडली की सगळेच मिस्तरी खूश होतात, फक्त तोंडावर दाखवत नाहीत. साल छत्तीस. नांदुऱ्याला स्टेशनामागे माझी शेड होती. त्याआधी आठ वर्षं मी जिनिंग कारखान्यातल्या इंजिनावर काढली होती. कापसाच्या हंगामात ते इंजिन थांबलं की गावभर बोंब व्हायची, आणि माझ्या हाताखाली ते एकदाही थांबलं नव्हतं. त्यामुळे मला माझ्या हाताचा गर्व होता. पण आता जे सांगतोय त्यात हाताची चूक लहान आहे, तोंडाची मोठी.

गाडीपुढे दोन बैल आणि स्टिअरिंगवर मान खाली घालून बसलेला कडूबा. सहा-सात मैल रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याने त्याला हसून घेतलं होतं. शेडसमोर बैल सोडले तरी तो खाली उतरला नाही.

"उतरा ना कडूबाभाऊ," मी म्हणालो. "बैल दमले, तुमी काऊन दमले?"

"गिअरची पेटी गेली, मिस्तरी," तो म्हणाला. "आतून दात तुटल्याचा आवाज आला. मी तवाच गाडी थांबवली."

त्याने सांगितलं ते खरं निघालं. पेटी उघडली तर दोन चाकांचे दात खाली तेलात पडलेले. कडूबाचं हे असंच होतं. तो पन्नाशी ओलांडलेला, लिहिता-वाचता न येणारा माणूस. पूर्वी भगवानरावांचे वडील हिंमतराव यांची दमणी, म्हणजे बैलांची छोटी सवारी गाडी, हाकायचा. हिंमतरावांनी अकोल्याहून मोटार आणली, तेव्हा गड्यांतलं कुणी तिच्या जवळ जाईना, आणि कडूबा आठ दिवसांत ती चालवायला शिकला. चौदा वर्षांत त्याने साधा मडगार्ड कुठे घासू दिला नव्हता. गाडीचा वेग दाखवणारा काटा कधीचाच मेला होता, पण कडूबाला त्याची गरज नव्हती. इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे गिअर बदलायचा, ही त्याची रीत. त्या कानासाठी आजूबाजूच्या गावांत तो ओळखला जायचा. दुसऱ्याची मोटार रस्त्याने गेली तरी लोक त्याला विचारायचे, "कडूबा, कशी हाये रे?" आणि तो सांगायचा.

त्या जुन्या मॉडेलची पेटी नवी मिळणं शक्यच नव्हतं. अकोल्याच्या भंगारवाल्याकडे त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलची एक पेटी निघाली. ती गोणपाटात बांधून मालगाडीने आली. बोल्टांची भोकं जुळली, शाफ्टचं तोंड जुळलं. दोन हमाल धरून मी ती चढवली आणि दोन दिवसांत काम उरकलं. उघडून पाहिली नाही. सीलबंद चांगली पेटी उघडायची ती नवशिक्याने, असं माझं तेव्हाचं मत होतं.

राहता राहिला दांडीवरचा गोळा. गिअरच्या दांडीला वर मूठ असते ना, ती. जुन्या दांडीवर चांदीची मूठ होती. हिंमतरावांनी गाडी घेतली त्या वर्षी सोनाराकडून घडवून घेतलेली. दर दसऱ्याला घरच्या मोठ्या बाई, म्हणजे भगवानरावांच्या आई मनकर्णाबाई, गाडीची पूजा करायच्या. बॉनेटला हार घालायच्या आणि कुंकू लावायच्या ते त्या मुठीला. नवऱ्याचा हात चौदा वर्षांपूर्वी पहिल्यांदा जिथे पडला ती जागा, असं त्या म्हणत. हिंमतराव गेले, मूठ राहिली. पेटी बदलणार हे कळताच त्यांनी निरोप पाठवला, की मूठ बदलायची नाही. मी अकोल्याच्या दांडीवरची काळी मूठ पान्याने पिळून काढली. तिच्यावर बोटभर वंगण आणि माती बसली होती. ते पुसून पाहायचं माझ्या मनातही आलं नाही. मूठ भंगाराच्या ढिगात टाकली आणि चांदीची बसवली.

मग गाडी जॅकवर चढवून गिअर टाकून पाहिले. मागचा, पहिला, दुसरा, तिसरा. जिथे जुन्या पेटीत होते तिथेच. दांडी आणखी उजवीकडे रेटली तर कडक लागली, म्हणजे तिथे भिंत. तीन पुढचे, एक मागचा. मी हात धुतले.

तिसऱ्या दिवशी कडूबा गाडी घेऊन परत आला.

"मिस्तरी, गाडी वरडते."

"वरडते म्हंजे?"

"पहिला, दुसरा ठीक हाये. तिसऱ्यात टाकली का पहिलेसारखी निवांत होत नाही. पाय जरासा देला का इंजिन वर वर जाते, गाडी मातर आपली त्याच चालीनं चालते. मले वाटते, इले अजून एक पायरी पाह्यजे."

"पायरी?" मी हसलो. "मोटार हाये का माडीचा जिना?"

तोही हसला, पण त्याचं लक्ष इंजिनाकडेच होतं. मी कामाला लागलो. पेटी बदलल्यावर इंजिन फुकट रेस होत असेल, तर कुठल्याही मिस्तरीच्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो क्लच. क्लच सरकत असेल तर इंजिन पळतं आणि चाक मागे राहतं. पेडल तपासलं, त्याचा ढिलेपणा जेवढा हवा तेवढा ठेवला. हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. इंजिनाने एक झटका खाल्ला आणि ते बंद पडलं. म्हणजे क्लच पक्का धरत होता. तिथेच मी खाली बसून विचार करायला हवा होता. मी म्हणालो, "जावा घेऊन. नवी पेटी हाये, बसायले टाइम लागते."

चार दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी मी अ‍ॅक्सिलरेटरची तार, तिची स्प्रिंग, कार्ब्युरेटरची पाकळी सगळं पाहिलं. उभ्या गाडीत इंजिन शांत, पाय काढला की लगेच खाली. काहीच चूक नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या होत्या. यंत्रात चूक सापडली नाही की मला माणसाचा राग येतो, हा माझा जुना रोग.

"तुमी पाय कसा देता?" मी विचारलं.

"चौदा वरसं देतो तसाच."

"तसाच देत असते तर गाडी तशीच चालली असती."

मीच म्हणालो, चला, मी बसतो सोबत वडनेरपर्यंत. आणि बसलो. खरं सांगायचं तर रस्त्यावर तो आवाज मलाही ऐकू आला. कडूबाचा पाय हलका होता, गाडी बैलगाड्यांना मागे टाकत साध्या चालीने चालली होती, आणि इंजिन चढावर असल्यासारखं ओरडत होतं. कडूबा माझ्याकडे बघत होता. मी रस्त्याकडे बघत होतो.

वाड्यासमोर भगवानराव उभेच होते. त्यांना दुसऱ्या दिवशी लोकल बोर्डाच्या बैठकीला मलकापूरला जायचं होतं, आणि त्या आठवड्यात आधीच रस्त्यात गाडीचं पाणी उकळून ते दोनदा झाडाखाली बसले होते. भोवती दहा-बारा माणसं होती. ओट्यावर मनकर्णाबाई होत्या.

"रंगराव, एकच सांग," भगवानराव म्हणाले. "दोष पेटीचा हाये का मानसाचा?"

मला कळत नव्हतं. 'मालक, मला कळत नाही' हे चार शब्द होते, आणि दहा-बारा माणसांपुढे ते माझ्या तोंडातून निघेनात. नांदुऱ्याचा मिस्तरी हरला, असं उद्या बाजारात झालं असतं.

"पेटी बरोबर हाये," मी म्हणालो. "कडूबाभाऊचा पाय जड झाला. आन् कानही आता पहिलेसारखा राह्यला नसंल. वयच झालं. इंजिन कवा वरडते, कवा नाही, ऐकू नाही आलं तर पाय कुठं थांबवावा हे मानसाले समजत नाही."

बोलताना ते मला स्वतःलाच इतकं पटलं, की शेवटी मी मान हलवून हळहळ व्यक्त केली.

कडूबा गाडीच्या पलीकडे उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भगवानरावांना म्हणाला, "मालक, आवाज मलेच तर ऐकू आला. मीच तर सांगून राह्यलो."

"तुले जे ऐकू येते तेच चुकीचं येत असंल," भगवानराव म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, आवाजही त्यांनी चढवला नाही. "उद्यापासून गाडी अर्जुनराव चालवंल. तू गोठ्याकडं पाह्य. तुले काही मी घरातून काढत नाही, कडूबा."

अर्जुनराव हा त्यांचा पुतण्या, नागपूरला शिकून आलेला. कडूबाने खिशातून फडकं काढलं, समोरची काच पुसली, फडकं सीटवर ठेवलं आणि तो गोठ्याकडे निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. मी तर बघितलंच नाही.

आठवडाभरात अर्जुनराव माझ्या शेडमध्ये दाखल झाला. बॉनेटमधून वाफ निघत होती. "मिस्तरी, ही तर माझ्या पायाखालीही ओरडते," तो म्हणाला. "आता माझाही कान गेला म्हणता का?"

पोरगा चेष्टेत म्हणाला. त्याला स्टेशनवर पाहुणे घ्यायला जायचं होतं, मोटार माझ्याकडे थांबणार होती दोन तास. तो गेल्यावर मी शेडचं दार लोटून घेतलं. जे पहिल्याच दिवशी करायचं ते त्या दिवशी केलं.

मागची चाकं जॅकवर घेतली. प्लग काढून टाकले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पेटीतून मागे जाणाऱ्या शाफ्टवर खडूने रेघ मारली. दांडी तिसऱ्यात टाकली आणि पुढून हँडल बरोबर एक फेरा फिरवलं. वरचा गिअर म्हणजे सरळ गिअर. इंजिनाचा एक फेरा तर शाफ्टचाही एक फेरा, त्यात कमीजास्त होत नाही. गाडीखाली शिरून पाहिलं. खडूची रेघ पाऊण फेऱ्यावर थांबली होती. पुन्हा फिरवलं, पुन्हा पाऊण. चार वेळा केलं. चौथ्या वेळी मी गाडीखालीच पाठ टेकून पडून राहिलो.

तिसरा हा वरचा गिअर नव्हताच. वर अजून एक होता.

पायाखालची फळी काढून पेटीचं झाकण उघडलं. दांडीच्या टोकासाठी दोन खाचा असायच्या, तिथे तीन होत्या. मी दांडीची मूठ धरली, जिथे भिंत समजलो होतो तिथे अंग घालून रेटली. कडक स्प्रिंग दबली, दांडी आणखी उजवीकडे सरली आणि पुढे गेली. हँडल एक फेरा फिरवलं. रेघ पूर्ण फेरा करून वर आली. भंगाराच्या ढिगातून ती काळी मूठ शोधून काढली, रॉकेलने धुतली. तिच्यावर चारही गिअरांचा नकाशा कोरलेला होता, लहान मुलालाही कळेल असा.

अजून एक पायरी पाह्यजे, असं कडूबा म्हणाला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने नुसत्या कानाने सांगितलं होतं, आणि मी त्याला जिन्याचा विनोद सांगितला होता.

यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. अर्जुनराव आला तेव्हा मी त्याला चौथा गिअर दाखवला आणि म्हणालो, "स्प्रिंग अडकली होती, मोकळी केली." त्याने गाडी फिरवून आणली आणि खूश होऊन गेला. मी त्याला कडूबाचं नाव सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, पाटील नांदुऱ्याला येतील तेव्हा सांगू, असं करत पंधरा दिवस गेले. मोटार रोज माझ्या शेडवरून जायची, शांत, निवांत. ती जवळ आली की मी मुद्दाम ऐरणीवर काहीतरी ठोकत बसायचो.

बाजाराच्या दिवशी कडूबा आला. वडनेरहून पायी. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते आणि त्यांना लसणाच्या तेलाचा वास येत होता. मी दिलेल्या फळीवर बसला, बोळे काढून हातात धरले.

"दवाखान्यात गेलतो," तो म्हणाला. "डागदर म्हने, कानाले काही झालं नाही. पन त्याले काय समजते? शालू रोज तेल घालते."

शालू म्हणजे शालूबाई, त्याची बायको.

"मिस्तरी, मी तुमच्यावर लय रागावलो होतो," तो म्हणाला. "गोठ्यात बसून शिव्या देल्या तुमाले. मंग अर्जुनरावच्या हातानं गाडी जातानी ऐकली. कशी गुपचूप जाते! थेच गाडी, थेच पेटी. तवा समजलं, का दोष मायाच होता. तुमी खरं सांगतलं, मले झोंबलं." त्याने पाय पुढे केला. धूळ भरलेला, टाच फाटलेला पाय. "आता येवढंच सांगा, मी काय चुकत होतो? पाय कुठं जड पडत होता? गाडी नाही द्याची तर नको देऊ द्या. पन समजलं तर पायजे ना मानसाले."

मला वाटतं, त्याने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. तो शिकायला आला होता. मी जे खोटं बोललो ते त्याने खरं करून घेतलं होतं.

"कडूबाभाऊ," मी म्हणालो, "तुमी काहीच चुकत नव्हते."

मग सगळं सांगितलं. मूठ, नकाशा, खडूची रेघ, अर्जुनरावला मारलेली थाप. तो ऐकत राहिला. मध्येच त्याने विचारलं, "म्हंजे पायरी होती?" मी म्हणालो, "हाव, होती." तो रागावेल, रडेल, निदान उठून जाईल, असं मला वाटलं. तो नुसता कापसाच्या बोळ्यांकडे बघत होता.

त्याच दुपारी मी त्याच्यासोबत वडनेरला चालत गेलो. जिथे बोललो होतो तिथेच, ओट्यासमोर, माणसं होती त्यांच्यादेखत सांगितलं. पेटीत चार गिअर होते, मला तीनच कळले, कडूबाला चौथा ऐकू आला, आणि मी आपली अब्रू राखायला त्याचा कान बाद केला. मनकर्णाबाईंनी विचारलं, "मंग माया मुठीमुळं झालं का हे?" मी म्हणालो, "नाही बाई. मूठ पुसून पाह्यली नाही त्याच्यामुळं झालं."

"कडूबा," भगवानराव म्हणाले, "बस गाडीत. रंगरावले नांदुऱ्याले सोडून ये."

झालं, मला वाटलं. माझी फजिती झाली, पण माणसाचं त्याला परत मिळालं. कडूबाने काच पुसली, बसला, मी शेजारी. गाव सुटेपर्यंत पहिला, दुसरा. मोकळा रस्ता आला तसा तिसरा. इंजिन वर चढायला लागलं. आता तो चौथा टाकेल म्हणून मी वाट बघितली. कुठे टाकायचा ते मी निघतानाच दाखवलं होतं. त्याचा हात मुठीवर होता, आणि इंजिन ओरडत होतं.

"टाकू का?" त्याने विचारलं.

"टाका ना."

त्याने स्प्रिंग दाबून दांडी पुढे सारली, एका दमात, दात न वाजवता. असा हात मी पुन्हा पाहिला नाही. गाडी निवांत झाली. दोन्हीकडे पऱ्हाटीची शेतं होती, कापसाची वेचणी चाललेली. बायका मान वर करून बघत होत्या.

"आता बरोबर वाजते का?" तो म्हणाला.

"एकदम बरोबर."

नाल्याच्या पलीकडे चढ होता. तिथे एरवी तो इंजिनाने हूं करण्याआधीच गिअर खाली घ्यायचा. आता इंजिन धापा टाकायला लागलं, गाडी हिसके देऊ लागली, तरी त्याचा हात मुठीवर नुसताच पडलेला.

"मिस्तरी, हे थकली का?"

"थकली. घ्या खाली."

त्याने घेतला. चढ संपला तसं पुन्हा विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "कडूबाभाऊ, तुमाले ऐकू येते ना! माह्यापेक्षा चांगलं ऐकू येते. दोष माया होता, सांगतलं ना मी सगळ्याइले."

"हाव, येते ऐकू," तो म्हणाला. रस्त्यावरची नजर त्याने काढली नाही. "ऐकू तर सगळं येते. पन आता थे खरं हाये का नाही, हे कोनाले तरी इच्यारा लागते."

नांदुरा येईपर्यंत तो विचारत राहिला, आणि मी सांगत राहिलो.